तळ्यावरच्या खोप्या आणि ह्यूस्टनचे टोमणे

डिसेंबर लागला की आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उत्तर विरुद्ध दक्षिण सुरू होतं. उत्तर म्हणजे अमेरिकेच्या उत्तर टोकाचे आम्ही मिनेसोटावाले, दक्षिण म्हणजे टेक्सासमधलं ह्यूस्टन आणि डॅलस. ह्यूस्टनचा भाऊ परसातल्या कढीपत्त्याचा फोटो टाकतो, डोक्याच्या वर गेलेल्या झाडाचा, आणि खाली लिहितो, ‘ताई, तुझा कसा आहे गं?’ मग मी आमच्या तळ्याचा फोटो टाकते. तळ्यावर ट्रक उभे, ट्रकांच्या अधेमध्ये खोप्या, खोप्यांच्या धुराड्यांतून धूर. डॅलसची वहिनी विचारते, ‘हे कुठलं पार्किंग?’ मी लिहिते, ‘पार्किंग नाही, तळं आहे. खाली वीस फूट पाणी आहे.’ की ग्रुप थोडा वेळ गप्प.

यंदा भावाने लिहिलं, ‘उणे वीसमध्ये भोकापाशी बसून माशाची वाट बघायची हा छंद नाही ताई, ही सक्तमजुरी आहे. आमच्याकडे गुन्हेगारालाही देत नाहीत.’ सगळे हसले, मीही पोट धरून हसले. पण उत्तर दोन ओळींत मावेना म्हणून इथे लिहिते आहे. थट्टा चालूच राहू दे, ती मला हवीच आहे. पण आइस फिशिंग, म्हणजे गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणं, ही मला या मुलखातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, आणि ते मला नीट सांगायचं आहे.

आधी हे चालतं कसं ते. दक्षिणेतल्या लोकांना वाटतं की आम्ही उघड्यावर बादली पालथी घालून कुडकुडत बसतो. तसे बसणारेही आहेत आणि त्यांना माझा नमस्कार. बाकीचे खोपीत बसतात. कोणाची कापडी, घसरगाडीवरून ओढत न्यायची. कोणाची चाकांवरची, आत झोपायला फळ्या, गॅसचा हीटर, एक चूल. बाहेर नाकातले केस गोठत असताना आत स्वेटर काढून बसता येतं. ऑगरने, म्हणजे मोठ्या गिरमिटाने, बर्फात भोक पाडायचं, साधारण आठ इंच रुंद. पाडताना बर्फाचा चुरा पाण्यावर तरंगतो, तो काढायला लांब दांड्याचा जाळीचा चमचा लागतो. तो म्हणजे आपला झाराच. आमच्याकडे पुऱ्यांचा जुना झाराच त्या कामाला लावलाय. काठी दोन-अडीच फुटांची, कारण भोकाशीच बसायचं असतं, लांब फेकायचं काही नसतं. मिनेसोटात उन्हाळ्यात एका माणसाला एकच गळ टाकता येतो, बर्फावर मात्र दोन. म्हणून एक गळ हातात धरायचा आणि दुसऱ्या भोकावर टिप-अप लावून ठेवायचा. माशाने आमिष ओढलं की त्याची नारिंगी झेंडी टपकन उभी राहते. झेंडी कोणाचीही असो, आजूबाजूच्या खोप्यांतून माणसं ओरडत धावत येतात. त्यांना ना तुमचं नाव माहीत असतं ना गाव, पण मासा वर येईपर्यंत गुडघ्यांवर बसून भोकात डोकावत राहतात.

मी मालवणची. खाडीवर बसून गरवणारी माणसं बघत मोठी झाले. त्यामुळे बसून वाट बघण्यात काय मजा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. इथल्या पाण्याचं गणित तेवढं नवीन होतं. पाणी चार अंशांवर सगळ्यात जड असतं. म्हणून थंड होत जाणारं तळं वरून गोठतं आणि बर्फ झाकणासारखा वर राहतो. वर उणे तीस असो, खोल तळ्याच्या बुडाशी चारच्या आसपास अंश टिकून असतात. मासे तिथे सावकाश फिरत राहतात. वॉलाय नावाचा इथला लाडका मासा, राज्याचा अधिकृत मासा तोच, अंधूक उजेडात फार चांगलं बघतो. म्हणून दिवस कलला की खोपीतले लोक गप्पा थांबवून काठीच्या टोकाकडे बघायला लागतात. टोक तांदळाच्या दाण्याएवढं खाली जातं, परत वर येतं. तेव्हा ओढायचं नाही. दुसऱ्यांदा गेलं की मनगट उचलायचं.

आमच्या मावशीचं मत असं की गोड्या पाण्याचा मासा हा मासाच नव्हे. मावशीचा मान राखून सांगते, वॉलाय खाऊन बघा. पांढरा, घट्ट, काटे कमी, चवीला मुडदुशीच्या जवळ जाणारा. हळद, मिरची, मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा रस, लावून, रव्यात घोळवून, खोपीतल्या चुलीवर तव्यात. आमचे शेजारी आजोबा सत्तरी ओलांडलेले, नॉर्वेहून आलेल्या घराण्यातले. उन्हाळाभर कुंपणापलीकडून ‘आज ऊन आहे’ यापुढे बोलत नाहीत. तेच आजोबा खोपीत बसले की बायकोच्या आजारपणाबद्दल, विकलेल्या शेताबद्दल, लष्करातल्या दिवसांबद्दल बोलतात. नजर भोकावर असते, एकमेकांकडे बघावं लागत नाही, म्हणून बोलणं सोपं जातं असं मला वाटतं. आगळाच्या माशाचा तिसरा तुकडा मागून घेतात.

ह्यूस्टनवाल्यांना माझं सांगणं हेच आहे. जुलैत तुमच्याकडे काय असतं? घरातल्या एसीतून गाडीच्या एसीत, गाडीतून मॉलच्या. तीन महिने शेजारी दिसत नाही. तुमचा उन्हाळा म्हणजे आमचा हिवाळाच आहे, फक्त तुमच्याकडे गोठलेलं तळं नाही. इथे हिवाळ्याने माणसांना घरात कोंडायच्या ऐवजी गावाच्या मधोमध नवं मैदान करून दिलं. उन्हाळ्यात ज्या तळ्याभोवती मोठमोठी घरं आणि खासगी धक्के असतात, त्याच तळ्यावर जानेवारीत कोणीही जुन्या गाडीतून यावं आणि मधोमध बसावं. जानेवारीत ब्रेनर्डजवळ गल लेकवर आइस फिशिंगची मोठी स्पर्धा भरते. हजारो माणसं, आधीच पाडून ठेवलेली हजारो भोकं, दुपारी बारा ते तीन एवढाच वेळ, आणि जमलेला पैसा धर्मादाय कामाला. बहुतेकांना काहीच लागत नाही. तरी पुढच्या वर्षी परत येतात.

आणि ही गोऱ्या शेतकऱ्यांची हौस आहे असं कोणी समजू नका. बर्फातून मासे काढणं ही इथल्या मूळ लोकांची, ओजिब्वे लोकांची, फार जुनी विद्या आहे. भोकापाशी पालथं पडायचं, अंगावरून घोंगडं ओढून उजेड बंद करायचा. वरचा उजेड गेला की खालचं पाणी आतून उजळतं. मग लाकडात कोरलेला छोटा मासा दोरीला बांधून पाण्यात नाचवायचा, मोठा मासा त्याच्याकडे आला की भाला. आजही इथे काळोख्या खोपीत बसून भाल्याने नॉर्दर्न पाइक मारतात, पद्धत तीच. जुने कोरलेले मासे आता संग्रहालयांत ठेवलेले दिसतात. एक बघितलाय मी, वीतभर लांब, शेपटीला किंचित बाक दिलेला, ओढला की गोल फिरावा म्हणून. पोटात शिसं भरलेलं. ज्याने तो बाक दिला त्याला पाण्याची केवढी समज असेल.

थट्टेचं म्हणाल तर तीही जुनीच. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने लिहिलं की सेंट पॉल, मिनेसोटाची राजधानी, म्हणजे दुसरा सायबेरिया, हिवाळ्यात माणसाने राहायच्या लायकीचा नाही. गावकऱ्यांनी पत्रापत्री केली नाही. १८८६ च्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्यांचा राजवाडा बांधला आणि जत्रा भरवली. तो विंटर कार्निव्हल अजून भरतो. त्यात थंडीचा राजा बोरियास आणि आगीचा राजा व्हल्कन यांची लढाई होते आणि दरवर्षी शेवटी आगीचा राजा जिंकतो. टोमण्याला द्यायचं उत्तर असं असावं. मला या गावाचं प्रेम वाटायला लागलं ते या गोष्टीपासून.

उत्तरेकडच्यांना थट्टेची उपजत हौस आहे. इथलं रस्तेखातं बर्फ काढणाऱ्या नांगरगाड्यांना नावं ठेवायची स्पर्धा घेतं आणि लोक हजारोंनी मतं देतात. २०२२ मध्ये सगळ्यात जास्त मतं ‘बेटी व्हाइटआउट’ला पडली, अभिनेत्री बेटी व्हाइटच्या नावाला समोरचं काही दिसू न देणाऱ्या हिमवादळाची, व्हाइटआउटची, जोड. तिकडे वादळांना नावं देतात, इकडे नांगरांना. डॅलसची वहिनी म्हणाली, ‘आमच्याकडे नांगरच नाहीत, नावं कशाला ठेवू?’

वहिनीचं बोलणं हसत हसत आलं, पण मी त्यावर थांबले, कारण इथे मला माझ्याच बाजूच्यांना बोलायचं आहे. दक्षिणेत दोन इंच बर्फ पडला की आमच्याकडची माणसं जे हसतात ते मला अजिबात आवडत नाही. २८ जानेवारी २०१४ ला अटलांटात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला आणि सगळं शहर रस्त्यात अडकलं. लोकांनी रात्र गाड्यांत काढली, मुलं शाळेत झोपली. इकडे त्याचे विनोद झाले. पण सगळ्या कचेऱ्या-शाळा एकाच वेळी सुटलेल्या, रस्त्यावर वितळून परत गोठलेला काचेसारखा थर, आणि मीठ टाकणाऱ्या गाड्या त्याच कोंडीत अडकलेल्या. त्या थरावर मिनेसोटाचा माणूसही घसरतो. फरक एवढाच की इथे मीठ आदल्या रात्री पडलेलं असतं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासची वीज गेली. ह्यूस्टनला पारा उणे दहापर्यंत उतरला होता. इथे त्या तापमानाला मुलं बाहेर खेळतात, खरं आहे. पण मिनेसोटात घराचा पाया जमीन गोठते त्याच्या खाली न्यावा लागतो, दक्षिण भागात साडेतीन फूट आणि उत्तरेत पाच फूट, तसा नियमच आहे. नळ त्या हिशोबाने पुरलेले, भिंती त्या हिशोबाने भरलेल्या. तिथे पाण्याचे नळ माळ्यावरून गेलेले, घरं उष्णता बाहेर टाकण्यासाठी बांधलेली. भावाच्या घरी छतातून पाणी आलं. त्याच्या सासूबाईंना चार गोधड्यांत गुंडाळून गाडीत बसवलं, हीटर चालू ठेवून, गॅरेजचं दार सताड उघडं टाकून. राज्याच्या अधिकृत मोजणीत त्या थंडीचे २४६ बळी आहेत. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर एकही टोमणा आला नाही. पण ऑफिसात एकजण म्हणाला, ‘एवढ्याशा थंडीला?’ मी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. थंडी सोसणं हा अंगातला गुण नाही. मागच्या पिढ्यांनी बांधून ठेवलेलं घर, रस्ता आणि सवय तुमच्या वाट्याला आलेली असते.

तळ्यावरही तेच. चार इंच चांगला निळसर बर्फ असला तर चालत जा, छोट्या गाडीला नऊ-दहा, मध्यम ट्रकला तेरा, असं मिनेसोटाचं नैसर्गिक संपदा खातं सांगतं. बर्फ पांढरा असला तर जाडी दुप्पट धरायची. ट्रक तळ्यावर नेताना खिडक्या खाली, सीटबेल्ट सोडलेला आणि वेग अगदी कमी, कारण गाडीच्या वजनाने खालच्या पाण्यात लाट उठते. आजोबांनी मला गळाच्या आधी काय दिलं, तर गळ्यात अडकवायचे दोन खिळे. पाण्यात पडलं तर बर्फात रोवून वर सरपटत यायला. इथल्यांच्या थट्टेत आणि या खिळ्यांत मला विरोध दिसत नाही, दोन्ही त्यांच्याच अंगाखांद्यावर असतं.

आणि हल्ली खिळ्यांची गरज वाढली आहे. गेल्या पन्नास वर्षांत मिनेसोटाच्या तळ्यांवरचा बर्फाचा काळ सरासरी दहा ते चौदा दिवसांनी घटलाय. २०२३-२४ चा हिवाळा तर हिवाळा म्हणायच्या लायकीचाच नव्हता. डिसेंबरच्या शेवटी अप्पर रेड लेकवर बर्फाची प्रचंड लादी किनाऱ्यापासून सुटली आणि शंभरावर माणसं तिच्यावर अडकली. सगळ्यांना बाहेर काढलं. २०२५ च्या जानेवारीत, २१ तारखेला, दक्षिणेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये आठ इंच बर्फ पडला आणि लोक बर्बन स्ट्रीटवर स्की घालून उतरले. भावाने लगेच लिहिलं, ‘ताई, तुझा माल चुकून आमच्याकडे आला, परत पाठवू का?’ त्या विनोदाला मी आजवरचा पहिला नंबर देते. पण तेव्हा आमच्या तळ्याबद्दल पोटात कालवलं होतं, आणि ते अजून आहे. आजोबा वहीत दरवर्षी तळं कधी गोठलं आणि कधी सुटलं ते लिहितात. वहीत मागे मागे गेलं की नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या तारखा दिसतात. अलीकडे तशा फारशा नाहीत.

म्हणून भावा, ‘कधीतरी येईन’ नको. येत्या जानेवारीतच ये. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला चोवीस तासांचं फिशिंग लायसन्स ऑनलाइन मिळतं. बूट मी मागवते, तुझं माप तेवढं कळव. सासूबाईंनाही आण, खोपीत फळीवर आडवं व्हायची सोय आहे. मावशीने पाठवलेली आगळाची बाटली चेक-इन सामानात टाक, हातातल्या बॅगेत ठेवलीस तर विमानतळावर काढून घेतील. तळ्यावर ट्रक न्यायचा की चालत जायचं, ते आजोबांनी पहार ठोकून बघितल्यावर सांगते.