ओढा लहान म्हणून रॉडही लहान?

डोंगरी ओढ्यातल्या ट्राउटसाठी कोणता फ्लाय रॉड (लाइनच्या वजनावर बनावट माशी फेकायची काठी) घ्यावा असं विचारलं की मासेमारांमध्ये एकच उत्तर फिरतं: सहा फुटी, दोन वेटचा. ओढा लहान, तर रॉड लहान. जितका हलका तितकी मजा जास्त, माशाला त्रास कमी, आणि प्रवासात बॅगेत मावतो. ऐकायला पटतं. पण हिमाचलातल्या तीर्थन नदीत किंवा गुशैणीला तिला येऊन मिळणाऱ्या फलाचनमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहिलं की या सल्ल्यातलं फार थोडं शिल्लक उरतं.

आधी लांबीचं बघू. रॉड किती लांब हवा हे ओढ्याची रुंदी ठरवत नाही, डोक्यावरच्या फांद्या ठरवतात. तीर्थनचा बराचसा पट्टा वरून मोकळा आहे. खाली मात्र मोठमोठे धोंडे, त्यांच्यामधून घुसणारं पाणी आणि धोंड्यांच्या आडोशाला जेमतेम घमेल्याएवढी शांत जागा. मासा त्या जागेत असतो. तुम्ही आणि तो यांच्यामध्ये एक-दोन वेगवान धारा असतात. लाइन त्या धारेवर पडली की लगेच ताणली जाते, मागोमाग माशी पाण्यावर फरफटते, आणि ट्राउट तिच्याकडे ढुंकून बघत नाही. कुलूच्या खोऱ्यात १९०९ च्या सुमारास इंग्रजांनी आणून सोडलेली ब्राउन ट्राउट तर मुळातच संशयी जात. यावर उपाय एकच: रॉड उंच धरायचा, लाइन हवेतच ठेवायची आणि पाण्याला फक्त लीडरचं, म्हणजे लाइनच्या पुढे बांधलेल्या बारीक दोऱ्याचं, टोक लागू द्यायचं. आठ फुटी रॉडने हे सहज होतं. सहा फुटीने हात कितीही वर केला तरी लाइनचा झोळ धारेत पडतोच.

लहान ओढ्याला लहानच रॉड लागत असता तर जपानमधल्या डोंगरी ओढ्यांवर तेंकारा हा तिथला मासेमारीचा प्रकार टिकलाच नसता. त्यात रील नसतं आणि रॉड चांगला अकरा ते तेरा फुटांचा असतो. तिथले यामामे आणि इवाना हे मासे आपल्या ट्राउटच्याच कुळातले, आणि ओढेही काही फार रुंद नसतात.

ऱ्होडोडेंड्रॉनच्या बोगद्यातून वाहणारा ओढा असेल, अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगरांत असतात तसा, तर सहा-साडेसहा फूट ठीक. पण तिथेही एक गोष्ट विसरली जाते. मागे फेकायला जागा नसली की माशी चिमटीत धरून, रॉड धनुष्यासारखा वाकवून सोडतात. त्या फेकीचा पल्ला रॉडच्या लांबीवरच अवलंबून असतो. आखूड रॉड फांद्या चुकवतो खरा, पण मासा हाताच्या टप्प्याबाहेर राहतो.

आता ‘दोन वेट’. हा आकडा रॉडच्या वजनाचा नाही, त्याला जी लाइन लावायची तिचा आहे. लाइनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन मोजून तो ठरवतात: दोन वेटला ८० ग्रेन, म्हणजे सुमारे ५.२ ग्रॅम, तीनला १०० ग्रेन, चारला १२०. प्रत्येक पायरीला फरक सव्वा ग्रॅमच्या आसपास. आणि ओढ्यावर ३० फूट लाइन बाहेर काढतं कोण? मासा पंचवीस फुटांवर धरा. त्यातून साडेसात फुटांचा लीडर वजा करा, रॉडची लांबी वजा करा. हवेत उरते दहाएक फूट लाइन. दोन वेटच्या लाइनचा एवढा तुकडा फार तर पावणेदोन ग्रॅम भरेल. तेवढ्या वजनाने ताठ ग्राफाइटचा (कार्बन तंतूंचा) रॉड वाकतच नाही, आणि न वाकणारा रॉड लाइन फेकत नाही, नुसती ढकलतो. लहान ओढ्यावरची खरी अडचण ही आहे, आणि दोन वेटने ती वाढते. रॉड बुडापासून वाकणारा हवा. म्हणूनच ग्राफाइट आल्यावर मागे पडलेला फायबरग्लास ओढ्यावर आजही भाव खातो. नाहीतर तीन वेटच्या रॉडला चार वेटची लाइन लावा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

शिवाय वारा. दुपारी खोऱ्यातून वर चढणाऱ्या वाऱ्यात दोन वेटची लाइन टंगस्टनचा मणी असलेली निम्फ (पाण्यात बुडणारी माशी) नीट उलगडू शकत नाही. संथ, नितळ पाणी आणि अठरा नंबरची बारीक कोरडी (पाण्यावर तरंगणारी) माशी असेल तर दोन वेटला तोड नाही, हे मान्य. पण तीर्थनवर असं पाणी मिळतं किती?

माशाला त्रास कमी, हे तर उलटंच आहे. तुटायची असेल तर रॉडआधी टिपेट (लीडरचं सर्वांत बारीक टोक) तुटते, म्हणून ‘नाजूक मासा, नाजूक रॉड’ हे गणितच चुकीचं. रॉडच्या बुडात जोर नसेल तर धारेत शिरलेला मासा वळवता येत नाही. झुंज लांबते आणि सोडून दिलेला मासाही थकव्याने मरू शकतो. पाणी २० अंशांकडे गेलं असेल तर धोका आणखी वाढतो. तेव्हा गळ टाकूच नये. तुमची मजा लांबते ती त्याच्या दमावर.

बॅगेचा मुद्दा एका ओळीत निकालात निघतो. साडेसात फुटी रॉड चार तुकड्यांत घेतला तर एकेक तुकडा दोन फुटांच्या आत बसतो. सहा फुटी दोन तुकड्यांत घेतला तर तीन फुटांचा. पुण्या-मुंबईहून विमानाने आणि पुढे तीर्थनजवळच्या औटपर्यंत बसने जाणाऱ्याने तुकडे मोजावेत, फूट नव्हे.

मला विचाराल तर साडेसात ते आठ फूट, तीन किंवा चार वेट, वाकायला मऊ, चार तुकड्यांचा. रीलवर पैसे घालवू नका. वीतभर ट्राउटसाठी ते फक्त लाइन गुंडाळायच्या कामाचं. वाचलेले पैसे चांगल्या लाइनमध्ये घाला, आणि जायच्या आधी हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते.