बीअर नाकारली, आरडाओरडा झाला, पाच रुपये लावले: आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रविवारी रात्री तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि कारणंही सविस्तर दिलीत. वीस वर्षांच्या भाच्याला बीअर नाकारली. खालच्या हॉलमध्ये कॉलेजच्या पोरांनी डोकं उठवलं आणि आम्ही त्यांना गप्प केलं नाही. बिलात परमिटचे पाच रुपये लावले, क्वार्टरचा भाव अंगावर आला आणि 'हा पूर्वीचा बार राहिला नाही'. कॉलेजात असताना तुम्ही इथे यायचात असंही लिहिलंय, म्हणून नुसते आभार मानून भागवत नाही.

आधी भाच्याचं. महाराष्ट्रात बीअर आणि वाइनला 21 वर्षं पूर्ण लागतात, त्यापुढच्या कडक दारूला 25. आमच्या वेटरने आधार कार्ड मागितलं, जन्मतारीख वाचली आणि लिंबू सोडा आणून ठेवला. तुम्ही म्हणता, 'मी मामा सोबत होतो, जबाबदारी माझी होती.' साहेब, मामा सोबत असला तर चालतं असं कायद्यात कुठेही नाही. लायसन्स माझ्या नावावर आहे आणि ग्लास माझा माणूस भरतो. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते पुण्यात कुणी विसरलेलं नाही. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा, पोलिसांच्या म्हणण्यानुसार पबमध्ये पिऊन निघालेला. दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनिअर जिवानिशी गेले. त्यानंतर शहरातल्या कितीतरी बारमध्ये तपासण्या झाल्या. आमच्याकडे वय विचारण्याची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे, वडील गल्ल्यावर बसायचे तेव्हापासूनची. तुम्हालाही कधीतरी विचारलं असेल, आठवून बघा.

आता आरडाओरड्याचं. तुम्ही आलात तो रविवार पुरुषोत्तम करंडकाच्या अंतिम फेरीचा होता. 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा चालू आहे. भरत नाट्य मंदिरात पडदा पडला की पोरं तशीच निघतात, काहींच्या गालावर मेकअप, हातात नेपथ्याच्या फळ्या आणि लाइटच्या वायरींची वेटोळी. त्यातली बरीच आमच्याकडे येतात. त्यात रविवार संध्याकाळ, म्हणजे पुण्यातल्या बहुतेक मेस बंद. होस्टेलवरचं पोर त्या रात्री कुठे जेवतं हे तुम्हाला मी सांगायला नको. रविवारी खालच्या हॉलमध्ये आम्ही एकच ताट लावतो: अंडा करी, दोन भाकऱ्या, भात, कांदा. खाली दारू मिळत नाही. पन्नाशीच्या माणसाने मागितली तरी त्याला वर जायला सांगतो, आणि वरच्या परमिट रूममध्ये वयाचा पुरावा दाखवल्याशिवाय पोरांना बसवत नाही. ही भिंत आहे म्हणून आईबाप आपल्या मुलांना इथे निर्धास्त पाठवतात.

तर त्या रात्री खालून 'अरे आव्वाज कुणाचा' अशी आरोळी उठली, आणि दुसऱ्या कोपऱ्यातून दुसऱ्या कॉलेजने तिला उत्तर दिलं. तुम्ही लिहिता, मॅनेजरला सांगूनही त्याने काही केलं नाही. त्याला तशीच सूचना आहे. दोन-अडीच महिने त्या पोरांनी रात्री-रात्री तालमी केलेल्या असतात, लेक्चर बुडवून घरच्यांची बोलणी खाल्लेली असतात. निकालाच्या रात्री त्यांनी घसा फोडून ओरडावं यासाठी शहरात एक जागा तरी असावी असं मला मनापासून वाटतं, आणि ती जागा माझी आहे याचा मला अभिमान आहे.

2022 साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि करंडक कुणालाच दिला गेला नाही. त्या रात्री हॉल भरलेला होता आणि कुणी ओरडत नव्हतं. आरोळ्या देत एकमेकांच्या अंगावर जाणारे संघ एकाच लांब टेबलाला बसले होते आणि परीक्षकांचं बरोबर की चूक यावर वाद घालत होते. एक मुलगी भाकरीचा तुकडा हातात धरून, करी गार होईपर्यंत, आपल्या संहितेत काय कमी पडलं ते समोरच्या कॉलेजच्या दिग्दर्शकाला विचारत होती. तो खिशातल्या पेनाने पेपर नॅपकिनवर प्रवेशांचा क्रम लिहून दाखवत होता. मॅनेजरने शटर अर्धं ओढलं, पण उठवलं कुणालाच नाही. त्या रात्री वर बसलेल्या कुणाही गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

परमिटच्या पाच रुपयांबद्दल तुम्ही 'लूट' असा शब्द वापरलात. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपये, वर्षाचा शंभर, आजन्म हजार. आजन्म परवाना असेल तर दाखवा, बिलातून पाच रुपये लगेच काढू. भावाचं म्हणाल तर 1 नोव्हेंबर 2023 पासून परमिट रूममधल्या दारूवरचा व्हॅट पाचावरून दहा टक्के झाला, आणि 2025 च्या जूनमध्ये सरकारने उत्पादन शुल्कही मोठं वाढवलं. खारे शेंगदाणे आणि काकडीचे पैसे आम्ही आजही लावत नाही.

राहिलं 'पूर्वीचा बार राहिला नाही' हे. हे वाक्य मला लागलं, कारण पूर्वीचं जे होतं ते टिकवण्यातच माझा दिवस जातो. गल्ल्याखाली वडिलांनी सुरू केलेली एक वही आहे. खाली जेवून पैसे नसलेल्या पोराचं ताट त्यात चढतं. त्याचं नाव लिहीत नाही, फक्त कॉलेज आणि तारीख. पुढे नोकरी लागली, पहिला पगार झाला की तो पोरगा येतो, वर बसायच्या वयाचा झाला असेल तर वर बसतो, आणि जाताना आपल्या कॉलेजच्या नावावर उरलेल्या ताटांचे पैसे भरून जातो. स्वतःची किती होती ते बहुतेकांना आठवत नसतं, म्हणून पाच-दहा ताटांचे जास्तच भरतात. वसुलीसाठी आम्ही कधी कुणाला फोन केलेला नाही. तुमच्या कॉलेजचंही पान त्या वहीत आहे. तुम्ही त्या दिवशी वरच बसलात आणि वरूनच गेलात, नाहीतर मॅनेजरने दाखवलं असतं.

यातलं काहीच आम्ही बदलणार नाही: वय विचारणार, रविवारचं ताट लावणार, करंडकाच्या रात्री पोरांना ओरडू देणार. तुम्हाला शांतपणे बसायचं असेल तर मधल्या वारी दुपारी या. वरच्या खिडकीजवळची चार टेबलं तेव्हा मोकळी असतात, आणि फोन केलात तर एक राखून ठेवतो. पुढच्या वर्षी अंतिम फेरीच्या तारखा जाहीर झाल्या की वर जायच्या जिन्यापाशी बोर्ड लावू, म्हणजे ज्यांना गोंगाट नको त्यांना आधीच कळेल. ही सूचना तुमच्या रिव्ह्यूमुळेच सुचली.