तोंड फिरवा त्याचं

समोरच्या काकांची तक्रार अशी, की माझं सूर्यफूल त्यांच्या घरात बघतं.

कुंपणालगतचं रोप १२ फुटांवर गेलं आणि नेमकं त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीसमोर उमललं, एवढीच हकिकत. आज सकाळी अंगात बंडी, हातात कपबशी अशा थाटात काका कठड्यावरून ओणवे झाले.

"अहो, तोंड फिरवा त्याचं. हिला कपडे वाळत घालायची चोरी झालीय."

"काका, फूल आहे ते."

"असेना! रोखून बघतंय. आणि मुळात ते सूर्याबरोबर फिरत का नाही? काल सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत नजर ठेवून होतो. जागचं हललं नाही. डिफेक्टिव्ह बी गळ्यात मारलंय तुमच्या."

मी खालून मान वर करून समजावलं. फिरतं ते वाढीच्या वयात. दिवसा दांड्याची पूर्वेकडची बाजू जास्त वाढते, रात्री पश्चिमेकडची, म्हणून शेंडा डुलतो. वाढ संपली, की फूल पूर्वेला तोंड करून कायमचा मुक्काम ठोकतं. आणि पूर्वेला काका राहतात, त्याला मी काय करू?

"म्हणजे आमच्या मास्तरांनी खोटं शिकवलं?"

आता यावर काय बोलणार! लातूर-सोलापूरकडे सूर्यफुलाची शेतंच्या शेतं पूर्वेला तोंड करून उभी असतात, पूर्वेच्या गावाने हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. जर्मनीत हान्स-पीटर शिफर यांनी २०१४ साली ९.१७ मीटर उंच सूर्यफूल वाढवलं. त्यांचे शेजारी काय म्हणाले, ते मात्र कुठे छापून येत नाही.

खरं तर तक्रार मी करायला हवी. शेणखत माझं, बांबू माझा, टँकरच्या दिवसांत बादल्या माझ्या. आणि माझ्या खिडकीतून दिसतं काय? हिरवी, केसाळ पाठ. फूल बघायचं तर रस्ता ओलांडून काकांच्या फाटकाशी उभं राहावं लागतं. परवा तसा उभा होतो, तर वरून आवाज आला, "कोण हवंय?"

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला: 'आमच्या गॅलरीतली प्रसन्न सकाळ.' खाली अंगठेच अंगठे. कुणीतरी विचारलं, "काका, खत कोणतं घालता?"

काकांचं उत्तर: "प्रेम."

शेणखताची पावती मी जपून ठेवलेली आहे. ग्रुपवर टाकतोच.