‘माथी मारला’ म्हणे!

महोदय,

2147483647, म्हणजे 2 च्या 31 व्या घातातून 1 वजा, या मूळ संख्येवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: ‘हिचा कोणताही मूळ भाजक 62 ची पट अधिक 1 असाच असणार, हा नियम सिद्धता न देता वाचकांच्या माथी मारला आहे. घातांक मूळ असला की संख्याही मूळ असतेच असं नाही, 2047 बघा. शिवाय या संख्येचा उपयोग काय?’ वर ‘पांडित्य मिरवण्याचा सोस’ हा आहेर आहेच.

लेख जरा लांबला, हे मान्य. पण ‘माथी मारला’? शंका विचारायची एक रीत असते. फळ्यासमोर उभं राहून माझे केस पांढरे झाले. ही सिद्धता मी पदवीच्या वर्गांना शिकवत आलो आणि ‘सर, हे कळलं नाही’ म्हणणाऱ्या मुलावर कधी डाफरलो नाही. आपण मात्र विचारलंच नाहीत, थेट निकाल देऊन मोकळे झालात.

तर घ्या सिद्धता. ही संख्या म्हणजे 2 च्या 31 व्या घातातून 1 वजा. समजा, ‘प’ या मूळ संख्येने तिला भाग जातो. म्हणजे 2 च्या 31 व्या घाताला प ने भागल्यावर बाकी 1. अशी बाकी देणारा सर्वांत लहान घातांक 31 चा भाजक असतो, म्हणून तो 1 किंवा 31. 1 असेल तर प ने 1 लाच भाग जायला हवा, ते अशक्य. उरला 31. फर्माच्या प्रमेयाप्रमाणे घातांक प−1 असतानाही बाकी 1 येते, म्हणून 31 ने प−1 ला भाग जातो. प विषम, म्हणजे प−1 सम, झाले 62. संपलं! यात पांडित्य कुठे सांडलं, ते आपणच दाखवा.

गणितज्ञ ऑयलर यापुढे गेला. 8 ने भागल्यावर प ची बाकी 1 किंवा 7 च येते, हेही त्याने जोडलं. आपल्या संख्येचं वर्गमूळ 46340 च्या किंचित पुढे; तिथवर तपासायला 248 ची पट अधिक 1 किंवा अधिक 63 एवढ्याच संख्या उरतात, पावणेचारशेच्या आत. त्यातल्याही बऱ्याच संयुक्त. म्हणून तर 1772 मध्ये, यंत्राशिवाय, ही संख्या मूळ असल्याचं त्याने सिद्ध केलं.

2047 चं म्हणाल, तर घातांक मूळ असणं पुरेसं आहे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचावा. निदान एकदा तरी वाचावा. आणि 2047 म्हणजे 2 च्या 11 व्या घातातून 1 वजा, म्हणजेच 23 गुणिले 89. तिथे घातांक 11, म्हणून भाजक 22 ची पट अधिक 1 हवेत. 23 आणि 89 तसेच आहेत की! उदाहरण आपलं, साक्ष माझ्या बाजूने.

उपयोगाबद्दल वाद घालत नाही. ज्यांना हवा त्यांनी शोधावा.

बाकी, 63 नंतर 248 मिळवलेत की 311 येते. त्या संख्येने 2147483647 ला भागून बघा, बाकी 35 उरेल. पुढच्या संख्याही अशाच तपासा, मग पुढची प्रतिक्रिया लिहा.