एम.टेक.चा प्रबंध एकट्यानेच का लिहायचा?

अभियांत्रिकी व्यवस्थापन, प्रकल्प व्यवस्थापन, औद्योगिक अभियांत्रिकी अशा विषयांत एम.टेक. करणाऱ्या विद्यार्थ्यांचे दुसरे वर्ष जवळजवळ संपूर्ण प्रबंधाला दिलेले असते आणि हा प्रबंध बहुतेक ठिकाणी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहायचा असतो. या विषयांपुरता तरी हा नियम बदलावा आणि तीन विद्यार्थ्यांच्या गटाला एखाद्या कारखान्यातील एकच प्रश्न वर्षभरासाठी द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नियमाचे मूळ कागदावर सापडते. एनबीएने, म्हणजे अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना अधिस्वीकृती देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने, पदवी अभ्यासक्रमासाठी ठरवलेल्या निष्पत्तींमध्ये (विद्यार्थ्याला शेवटी काय काय करता आले पाहिजे, त्या यादीमध्ये) व्यक्तिगत आणि सांघिक काम ही निष्पत्ती अनेक वर्षे आहे. 2014 साली भारत वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या कराराचा, स्थायी सदस्य झाला, तेव्हापासून तर प्रत्येक महाविद्यालयाला ती तोंडपाठ आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमाची यादी मात्र छोटी आहे आणि तिच्यातली पहिलीच निष्पत्ती स्वतंत्रपणे संशोधन व विकासकार्य करण्याच्या क्षमतेची आहे. उष्णता-स्थानांतरणावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे शोभून दिसते. ज्याला पुढे आयुष्यभर उत्पादन, खरेदी, गुणवत्ता आणि वित्त या चार खात्यांमध्ये उभे राहून निर्णय घ्यायचे आहेत, त्याची परीक्षा एकट्याला बसवून घेण्यात काय अर्थ आहे?

एक उदाहरण थोडे सविस्तर देतो. कोल्हापूरजवळच्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, आमच्या तीन विद्यार्थ्यांनी कास्टिंगच्या (ओतीव नगांच्या) रिजेक्शनवर काम केले. नोंदवहीत कारणाच्या रकान्यात ब्लोहोल (वायू अडकून धातूत पडलेली पोकळी) हाच शब्द पानोपानी होता, कारण तो रकाना पाळी संपताना एकदाच भरला जाई. शिवाय पृष्ठभागाखालचे ब्लोहोल फाउंड्रीत दिसतच नाहीत. ते ग्राहकाकडे मशीनिंग करताना उघडे पडतात, तेही काही आठवड्यांनी, आणि सदोष नगांचे पैसे कापून घेणाऱ्या डेबिट नोटवर तारीख असते ती मशीनिंगची, ओतकामाची नव्हे. एका विद्यार्थिनीने प्रत्येक परत आलेल्या नगावरचा हीट नंबर (धातूच्या कोणत्या वितळणीतून तो ओतला, तो क्रमांक) वाचून ओतकामाचा दिवस आणि पाळी शोधली. दुसरा थर्मामीटर घेऊन साच्यांची वाळू पुन्हा तयार करणाऱ्या सँड प्लांटवर उभा राहिला आणि परतीच्या वाळूचे तापमान नोंदवत गेला. तिसऱ्याने मोल्डिंगचे, म्हणजे साचे घडवण्याचे, रोजचे वेळापत्रक आणि कंत्राटी कामगारांच्या मजुरीची पद्धत पाहिली.

तिन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर चित्र स्पष्ट झाले. जड नगांच्या साच्यांच्या पेट्या लागोपाठ लावल्या की धातूच्या मानाने वाळू कमी पडते, ती तापलेलीच परत येते, मिक्सरमध्ये तिच्यातला ओलावा टिकत नाही, म्हणून वर पाणी जास्त मारले जाते आणि वायूचे दोष वाढतात. हे कळल्यावरही लाइन थांबवण्यात कोणाचाच फायदा नव्हता, कारण मोल्डरची मजुरी पेटीवर ठरते आणि डिस्पॅचचा दट्ट्या महिनाअखेरीस असतो. उपाय निघाला तो जड आणि हलक्या नगांच्या पॅटर्नचा (साच्याच्या नमुन्यांचा) क्रम आलटून-पालटून लावण्याचा, म्हणजे वाळूच्या प्रश्नाचे उत्तर नियोजन खात्यात होते. एकट्या विद्यार्थ्याने हाच विषय घेतला असता, तर त्याने वाळूवर एक बरा प्रबंध लिहिला असता, शेवटी कामगारांना प्रशिक्षण द्यावे अशी शिफारस जोडली असती आणि फाउंड्रीने तो कपाटात ठेवला असता.

गटात एक राबतो आणि दोघे सही करतात, हा आक्षेप मी प्रत्येक बैठकीत ऐकतो आणि तो निराधार नाही. रिंगलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढण्याचे जे प्रयोग 1913 साली प्रसिद्ध केले, त्यांत आठ जणांच्या गटात माणशी जोर जवळपास निम्म्यावर आला होता. मात्र या घटीचा मोठा भाग आळसापेक्षा ओढण्याची वेळ न जुळण्यामुळे असावा, असे त्याचे स्वतःचे मत होते. पुढे 1974 च्या प्रयोगांत, बाकीचे लोक नुसते ओढण्याचे नाटक करत असताना, डोळे बांधलेल्या माणसाचा जोर कमी झालेला दिसला. म्हणजे दोन्ही कारणे खरी आहेत. म्हणून गटातल्या प्रत्येकाचा उपप्रश्न पहिल्या महिन्यातच लेखी ठरवावा, त्याच्या प्रकरणावर त्याचेच नाव असावे आणि मौखिक परीक्षेत प्रत्येकाला दुसऱ्याच्या प्रकरणावर प्रश्न विचारावेत. ज्याला जोडीदाराची आकडेवारी कुठून आली हे सांगता येत नाही, त्याचे गुण तिथेच कापावेत.

दुसरा आक्षेप एमआयटीचे नाव घेऊन येतो. तिथे 1988 साली सुरू झालेल्या उत्पादन-नेतृत्वाच्या कार्यक्रमात, जो आज लीडर्स फॉर ग्लोबल ऑपरेशन्स या नावाने ओळखला जातो, विद्यार्थी सहा महिने कंपनीत काढतो आणि प्रबंध एकटाच लिहितो. हे खरे आहे. पण तिथल्या भागीदार कंपन्या कार्यक्रमाच्या कारभारातही सहभागी असतात आणि विद्यार्थ्याला कंपनीत बरोबरीने काम करणारी माणसे मिळतात. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत गुणवत्ता पाहणारा अभियंता बहुधा एकच असतो आणि तोच ग्राहकाचे फोनही घेतो. त्याच्याकडून विद्यार्थ्याला वेळ मिळण्याची आशा मार्च महिन्यात तर धरूच नये. (आपले चौथे सत्र नेमके तेव्हाच चालू असते, हा वेगळाच विनोद.)

नियमांच्या अडचणी मात्र खऱ्या आहेत. तिघांनी तीन प्रबंध सादर केले, तर कारखान्याचे वर्णन आणि मोजमापाची पद्धत ही प्रकरणे तिन्हींत सारखी येतात, आणि यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्यविरोधी विनियमांतील दहा टक्के साम्याची मर्यादा सॉफ्टवेअर क्षणात ओलांडून दाखवते. मग विद्यार्थी एकच परिच्छेद तीन तऱ्हांनी लिहीत बसतात. याला एकच संयुक्त प्रबंध हाच सरळ मार्ग आहे.

राहिला प्रश्न मार्गदर्शकांचा. अशा प्रकल्पाला यंत्र विभागातला एक आणि व्यवस्थापन विभागातला एक असे दोन मार्गदर्शक लागतात, तर कार्यभार मोजला जातो विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि विभागवार. तीन विद्यार्थी नक्की कोणाच्या खात्यावर, यावर दोन विभागप्रमुखांचे एकमत होईपर्यंत तिसरे सत्र अर्धे सरलेले असते. अभ्यासमंडळाच्या पुढच्या बैठकीत मी संयुक्त प्रबंधाचा ठराव मांडणार आहे, पण त्याआधी कार्यभार दोघांत निम्मा-निम्मा धरण्याचे पत्र प्रशासनाकडून मिळवावे लागेल, कारण ठराव अडला तर तो शैक्षणिक मुद्द्यावर अडणार नाही, याच रकान्यावर अडेल.