१.६१८ने चेहरे मापणाऱ्यांना

बेळगाव, निपाणी, खानापूर पट्ट्यातल्या वधू-वर ग्रुपांमधून सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. माझा फोटो स्टुडिओ असल्यामुळे मला तो जरा जास्तच वेळा येतो. काही गिऱ्हाइकं तर मोबाईल काउंटरवर ठेवून विचारतात, "ह्या मापात बसवून द्याल काय हो फोटो?"

मजकूर थोडक्यात असा. आवडनिवड माणसागणिक बदलते हे थोतांड आहे, विज्ञानाने सौंदर्याचं एकच माप सिद्ध केलंय. चेहऱ्याच्या लांबी-रुंदीचं प्रमाण १.६१८ हवं, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होतं. कंबर आणि नितंबांचं प्रमाण ०.७ असलेली बाई जगातल्या सगळ्या पुरुषांना आवडते. गोरा रंग सगळीकडेच श्रेष्ठ. मानेत कडी नि ओठात चकत्या घालणाऱ्या जमाती मागास, त्यांची आवड हिशेबात धरायची नाही. पुरावा म्हणून शेवटी आपलीच स्थळं: सगळे गोरी-सडपातळच मागतात ना! खाली एका ॲपची लिंक, चेहऱ्याला दहापैकी गुण देणारी.

आधी तो आकडा. १.६१८ हे गुणोत्तर, ज्याला सुवर्ण गुणोत्तर म्हणतात, खरं आहे. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने ते मांडलं, पण रेषेचे तुकडे कसे पाडावेत यासाठी. चेहऱ्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. शरीराची मापं लिहून ठेवली ती रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने, आणि ती साधी सरळ आहेत: हनुवटीपासून केसांच्या मुळापर्यंतचा चेहरा उंचीचा दहावा भाग, आणि त्या चेहऱ्याचे तीन सारखे हिस्से. १५०९ साली लुका पाचोली या इटालियन गणितज्ञांचं या गुणोत्तरावरचं पुस्तक छापलं गेलं. त्यातल्या घनाकृती लिओनार्दोने काढलेल्या, म्हणून लोक आजही मोनालिसाच्या तोंडावर चौकटी आखत बसतात. माणसाच्या देहासाठी पाचोलींनीसुद्धा व्हिट्रुव्हियसचीच मापं वापरली होती. अंगभर १.६१८ शोधत सुटायची हौस आडोल्फ झाइझिंग या जर्मन अभ्यासकाने १८५४मध्ये लावली. तेव्हा ग्रीकांच्या नावावर खपवलेलं हे ज्ञान पावणेदोनशे वर्षांपलीकडे जात नाही.

आणि मापंच हवी असतील तर आपलं शिल्पशास्त्र काय वाईट आहे? तिथे चेहऱ्याची लांबी म्हणजे एक ताल, त्याची बारा अंगुळं. देवांच्या मूर्ती नवतालात नाहीतर दशतालात, गणपती पंचतालात. एका माणसाच्या मापाने दुसऱ्याला मोजायचं नाही, हे आपल्या मूर्तिकारांना पक्कं माहीत होतं. पाच चेहऱ्यांएवढ्या उंचीच्या त्या देवाला बेढब म्हणणारा भक्त मला तरी अजून भेटलेला नाही.

ॲपवाल्यांनी एक गोष्ट लपवली आहे, ती आमच्या धंद्यातल्या पोरासोरांनाही कळते. माप कशाचं घेताय, चेहऱ्याचं की फोटोचं? हातभर अंतरावरून सेल्फी काढली की नाक फुगतं, कान मागे पळतात. २०१८मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं: फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा साधारण ३० टक्के रुंद दिसतं. म्हणून तर पोर्ट्रेटला आम्ही लांब पल्ल्याची लेन्स लावून मागे सरकतो. चेहरा तोच, माणूस तोच, चार पावलं मागे गेलं की गुण बदलणार. अशा आकड्यावर कुणाच्या पोरीचं स्थळ ठरवायचं म्हणजे कमाल आहे.

०.७चा मुद्दा मात्र हसून सोडून देण्यासारखा नाही, कारण त्याच्यामागे खरा अभ्यास आहे. देवेंद्र सिंग या अमेरिकेत शिकवणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी १९९३मध्ये तो प्रसिद्ध केला. फॉरवर्डवाल्यांनी पुढचं वाचलं नाही, एवढंच. नंतर लोकांनी तीच चित्रं घेऊन जगाच्या कानाकोपऱ्यात जाऊन विचारलं. पेरूच्या जंगलातल्या माचिगेंगा लोकांपैकी बाहेरच्या जगाशी फार संबंध न आलेल्या पुरुषांना ०.७ची बाई आवडली नाही. त्यांनी जाड कमरेचं, भरल्या अंगाचं चित्र पसंत केलं. त्याच जमातीतले जे लोक बाहेर पडून शहरी माणसांत वावरले होते, त्यांची पसंती मात्र अमेरिकनांकडे झुकलेली निघाली. हा अभ्यास १९९८चा. टांझानियातल्या शिकार करून, कंदमुळं खणून जगणाऱ्या हडझा पुरुषांनीही बारीक बाईला नाक मुरडलं. २००६मध्ये झुलू लोकांवर काम झालं. दक्षिण आफ्रिकेतल्या गावच्या झुलूंना थोराड बांधा आवडत होता, तर ब्रिटनला जाऊन राहिलेल्या झुलूंची पसंती बारीक बांध्याकडे सरकली होती. रक्त तेच, पण भोवताल बदलला नि डोळा बदलला.

फिजीची गोष्ट तर वाचून अंगावर काटा येतो. तिथे दणकट, भरलेलं अंग म्हणजे घरच्यांनी नीट सांभाळल्याची खूण. नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. ॲन बेकर या संशोधकांनी तिथल्या शाळकरी मुलींना तेव्हा आणि पुन्हा १९९८मध्ये प्रश्न विचारले. वजन उतरवण्यासाठी उलट्या काढते असं १९९५मध्ये एकाही मुलीने सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी ११.३ टक्के मुलींनी सांगितलं. निसर्गाने रक्तात घालून दिलेली आवड अशी तीन वर्षांत पालटत नसते.

आमच्या दुकानातही याचा पुरावा पडून आहे. बाबा निगेटिव्हवर पेन्सिलने टचिंग करायचे. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथे छापील फोटो उजळतो. खुर्चीवर बसून, खालून उजेड देऊन, भिंग लावून ते गालांच्या खळग्यांवर बारीक बारीक रेघा मारत, कारण गाल भरलेले दिसायला हवे असत. पोरगी हडकुळी दिसली तर 'आजारी आहे काय?' अशी चौकशी व्हायची, खात्यापित्या घरची दिसणं महत्त्वाचं. आज त्याच घरांतल्या नाती माझ्यापुढे बसून सांगतात, "काका, गाल जरा आत घ्या, जॉलाइन दिसू दे." बाबांनी जे भरलं तेच मी माऊसने कोरतोय.

आता गोरेपणा, म्हणजे फॉरवर्डचा खरा जीव. सगळ्या संस्कृतींत श्रेष्ठ, असं म्हणणाऱ्यांनी चोर्ला घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर एक चक्कर टाकावी. पैसे खर्चून, विमानाने येऊन, अंगाला तेल चोपडून तिथे गोरी माणसं काळवंडायला पडलेली असतात. त्यांच्याकडेही शंभरेक वर्षांपूर्वी पांढरंफटक असणंच खानदानी समजत, कारण उन्हात राबायचं ते मजुरांनी. पुढे मजूर कारखान्यात शिरले आणि ऊन खायला सवड असणं श्रीमंतीचं झालं, तसा रंगाचा भाव फिरला. आपल्याकडे शेत आणि ऊन अजून सुटलेलं नाही, त्यात जातीची भर. म्हणून टिळकवाडीत स्कूटरवरच्या मुली डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळतात. आणि ज्या विठ्ठलासाठी याच पट्ट्यातून दिंड्या निघतात तो तर काळाच. द्रौपदीलाही महाभारताने सावळीच ठेवली आहे, आणि तिच्या स्वयंवराला राजांची रांग लागली होती.

कॅमेऱ्याचा हात यात किती आहे हे फारसं कुणी बोलत नाही. रंगीत फिल्मच्या जमान्यात लॅबमध्ये छपाईचे रंग जुळवायला कोडॅकची कार्डं येत, 'शर्ली' म्हणत त्यांना. त्यावर एक गोरी बाई. तिची त्वचा नीट आली म्हणजे रंग नीट, हा हिशेब. काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे त्यात चिखलासारखे यायचे. कंपनीने फिल्म सुधारायला घेतली ती १९७०च्या दशकात, आणि तक्रार कुणाची मोठी ठरली? लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्यांची, त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा जाहिरातीत उठत नव्हत्या म्हणून! वेगवेगळ्या वर्णांच्या बायका असलेली कार्डं यायला १९९०चं दशक उजाडलं. आजही पांढऱ्या भिंतीपुढे सावळ्या माणसाला उभं केलं की ऑटोवरचा कॅमेरा सगळं करड्याकडे ओढतो आणि चेहरा काळाठिक्कर पडतो. वर समोरून थेट फ्लॅश मारला तर कपाळावर पांढरा डाग.

खानापूर नि हल्याळच्या जंगलपट्ट्यात सिद्दी समाज राहतो. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणले गेले, आज ते कोकणी, मराठी, कन्नड सगळं बोलतात. त्यांच्यातल्या लग्नाचे फोटो काढायला गेलं की कामचुकार फोटोग्राफर लगेच उघडा पडतो. मोठा मऊ लाइट बाजूने आणायचा, एक्स्पोजर चेहऱ्यावरून घ्यायचं, मग त्या कातडीवर जो उजेड खेळतो तो गोऱ्या चेहऱ्यावर मिळत नाही. हे माझं धंद्यातलं मत आहे, कुणाला समजूत घालायला म्हणत नाही.

'मागास जमातीं'बद्दल. म्यानमारच्या कायन बायका गळ्यात पितळी कडी घालतात. मान लांब झाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात वजनाने गळ्याखालची हाडं आणि बरगड्या खाली दबलेल्या असतात. त्रास आहे, नाही कोण म्हणतो? पण मग चिकोडी-हुक्केरीकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या कानाच्या पाळ्या बघा, दागिन्यांच्या वजनाने चिरत आलेल्या. त्यांच्या कपाळावर, हनुवटीवर हिरवं गोंदण असतं. सुया टोचताना पोर रडायची, चार बायका धरून बसवायच्या. आणि दातवण? आपल्या बायका पूर्वी दात मुद्दाम काळे करत. हिरडा आणि हिराकस, म्हणजे टॅनिन आणि लोह, एकत्र आलं की काळं होतं. जुनी शाईसुद्धा त्याच रसायनाची. गंमत अशी की जपानातल्या लग्न झालेल्या बायकाही लोखंड आंबवलेलं पाणी आणि झाडावरच्या गाठींची पूड लावून दात काळेभोर ठेवत, ओहागुरो म्हणून. १८७३मध्ये तिथली सम्राज्ञी पांढरे दात घेऊन लोकांपुढे आली आणि मग ती चाल ओसरत गेली. दातवणाच्या डब्या ज्यांच्या आज्यांच्या फडताळात होत्या त्यांनी दुसऱ्यांना मागास म्हणताना जरा दमानं घ्यावं.

फॉरवर्डमध्ये धरण्यासारखं काही नाही असं मी म्हणत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांना थोडंफार एकसारखं आवडतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलंय. दोन्ही बाजू सारख्या असलेला चेहरा हडझांनाही आवडतो. पण त्यांच्यावरच्याच २००७च्या कामात आणखी एक निघालं. अनेक चेहरे मिसळून केलेला 'सरासरी' चेहरा हडझा माणसांचा असला तर त्यांना देखणा वाटला, युरोपियनांचा सरासरी चेहरा मात्र तसा वाटला नाही. ज्यांच्यात आयुष्य गेलं त्यांच्यावरूनच डोळ्याने माप घेतलं होतं.

राहिली स्थळं. सगळे गोरी मागतात हा काही निसर्गाचा पुरावा नव्हे, छापील बायोडाट्यात 'वर्ण' असा रकानाच असतो आणि रकाना असला की माणूस तो भरतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, अशी प्रतवारी आमच्याकडे मराठी घरं करतात तशी कन्नड घरंही करतात, सीमावादाचा तिथे मागमूस नाही. त्यात १९७५पासून 'फेअर अँड लव्हली'च्या जाहिराती दोन्ही भाषांत कानावर पडत आल्या. कंपनीने नावातून 'फेअर' काढला तो २०२०मध्ये. पंचेचाळीस वर्षं शिकवलेला धडा लोक घडाघडा म्हणून दाखवतात यात नवल काय?

नायजरमधल्या वोडाबे लोकांत गेरेवोल नावाचा उत्सव असतो. तिथे नटतात ते पुरुष. तोंड रंगवायचं, ओठ काळे करायचे, डोळे वटारून नि दात दाखवून, म्हणजे बुबुळाभोवतीचं पांढरं आणि दातांचं पांढरं उठून दिसेल असं, तासन्‌तास रांगेत नाचायचं. निवड करणाऱ्या बायका. फॉरवर्ड पाठवणारे बहुतेक मुलांचे बाप असतात. त्यांच्या चिरंजीवांचे बायोडाटे माझ्याकडेच छापायला येतात, आणि त्यांत पगार, शेती, प्लॉट सगळं असतं, 'वर्ण'पुढे तेवढी एक आडवी रेघ.