30 दिवसांनी नोटीस लावून काय उपयोग?
लेखात अमेरिकेतल्या कॅम्पग्राउंडच्या पाण्याचे नियम नीट सांगितलेत, पण मुदतीचं कोणी बोलतच नाही. हिवाळाभर बंद असलेली लाइन उघडताना राज्याने ठरवलेली कामं, म्हणजे फ्लशिंग (पाइपात साचलेलं पाणी जोरात सोडून देणं), क्लोरीन, सॅम्पल वगैरे, करून तसं लेखी कळवायचं आणि मगच नळ चालू, हा नियम 2016 पासून आहे. आणि नाही केलं तर लोकांना सांगायला मुदत किती, तर 30 दिवस! अहो वीकेंडला आलेला माणूस तोवर पाणी पिऊन, घरी जाऊन, पोट बिघडून बरासुद्धा होतो. पाण्यात ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, असल्याचं उल्लंघन असेल तर मात्र 24 तास, ते ठीक आहे.
आम्ही मागच्या जूनमध्ये पोरांना घेऊन एका कॅम्पला गेलो होतो, पाण्याला गंजाचा वास येतोय असं बायको म्हणाली म्हणून विचारायला गेलो तर नोटीस होती की, ऑफिसच्या आत, आइस्क्रीमच्या पोस्टरला अर्धी झाकलेली. नळापाशी काही नाही. मला आमच्या गावची ग्रामपंचायतच आठवली, पाणी धोक्याचं असल्याचं लाल कार्ड मिळालं होतं ते कपाटात आणि विहिरीवर बायका नेहमीसारख्या पाणी भरतायत.